नाकातल्या पॉलिपचं ऑपरेशन: लेझर की दुर्बिणीचं, कसं ठरवायचं

डॉक्टरांनी नाकात पॉलिप आहेत, ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं की लगेच चहूबाजूंनी सल्ले चालू होतात. कोणी म्हणतं लेझरने करून घे, रक्त येत नाही, दुखत नाही, त्याच दिवशी घरी. कोणी म्हणतं लेझरच्या नादाला लागू नको, साधं ऑपरेशनच बरं. आणि ज्याचं नाक चोंदलंय, रात्री तोंड उघडं ठेवून झोपावं लागतंय, महिनोन्महिने कशाचाच वास आलेला नाही, त्याला एवढंच हवं असतं की एकदाचं हे जाऊ दे. अशा वेळी निर्णय घाईत होतो, आणि आपल्या नाकात नेमकं काय आहे हे बघायच्या आधीच होतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. दोन्ही नाकपुड्यांत, सायनसपर्यंत (नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांपर्यंत) पसरलेले पॉलिप असतील तर दुर्बिणीतून सायनस उघडून केलेलं ऑपरेशन हाच पहिला पर्याय धरा. लेझर ठरावीक, छोट्या कामासाठी चांगलं आहे, ती कामं कोणती ते खाली लिहिलंय. आणि यातलं काहीही केलं तरी नंतर स्प्रे मारणं आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं सोडून दिलं तर पॉलिप परत येण्याची शक्यता बरीच वाढते, त्यामुळे कुठलं मशीन वापरणार यापेक्षा ऑपरेशननंतरचं वर्ष कसं काढणार हा विचार आधी करा.

आधी खात्री करा की ते पॉलिपच आहेत

"नाकात मांस वाढलंय" हे वाक्य लोक तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि इथेच पहिला घोळ होतो. नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टर्बिनेट नावाचे फुगवटे असतात, ते सगळ्यांनाच असतात, ॲलर्जीने सुजतात आणि नाक बंद होतं. आरशात टॉर्च मारून बघितलं तर गुलाबी गोळा दिसतो आणि माणूस घाबरतो की पॉलिप झाला. तो टर्बिनेट असतो, त्याला हात लावला तर दुखतं. खरा पॉलिप म्हणजे सुजलेल्या आतल्या अस्तराची पाणी भरलेली पिशवी, फिकट करडी, चकचकीत, सोललेल्या द्राक्षासारखी, आणि तिला स्पर्श केला तरी फारसं काही जाणवत नाही. हाड वाकडं असणं ही आणखी तिसरीच गोष्ट.

हा फरक महत्त्वाचा आहे कारण सुजलेला टर्बिनेट लहान करण्यासाठी लेझर बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि तिथे त्याचा बऱ्यापैकी उपयोग होतो. म्हणजे तुमच्या ओळखीत कोणी "मी नाकाचं लेझर केलं, मस्त झालं" असं सांगत असेल तर त्याचं टर्बिनेटचं झालं होतं की पॉलिपचं हे आधी विचारा. बऱ्याचदा ते पॉलिप नसतातच.

कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीतून नाक बघून घ्या. नाकात बधिर करणारा स्प्रे मारून बारीक दुर्बीण घालतात, काही मिनिटांचं काम आहे, थोडं विचित्र वाटतं पण दुखत नाही. त्यातून पॉलिप किती मोठे आहेत, कुठून आलेत, एका बाजूला आहेत की दोन्ही, हे कळतं. प्रत्येक बाजूला ० ते ४ असा ग्रेड देतात, ४ म्हणजे नाकपुडी जवळपास पूर्ण भरलेली. हा ग्रेड कागदावर लिहून मागा, पुढे तुलना करायला लागतो.

एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. नेहमीचे पॉलिप दोन्ही बाजूंना होतात. फक्त एकाच बाजूला गाठ असेल, त्यातून रक्त येत असेल, चेहऱ्याच्या एका बाजूला बधिरपणा असेल किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल तर ते वेगळं काही असू शकतं. इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची एक गाठ असते ती दिसायला पॉलिपसारखीच, पण ती आतल्या हाडाला चिकटलेली असते, परत येते आणि काही जणांमध्ये तिचा पुढे कॅन्सर होतो. तरुण मुलांमध्ये गालामागच्या सायनसमधून उगवून थेट घशाकडे लोंबणारा एकाच बाजूचा पॉलिपही असतो, तो साधा असतो पण मुळापासूनच काढावा लागतो. अशा एकाच बाजूच्या गाठीला तपासणीशिवाय लेझर मारून घेणं ही मोठी चूक, कारण लेझरने टिश्यू जळून जातो आणि बायोप्सीला पाठवायला धड तुकडाच उरत नाही. लहान मुलाच्या नाकात पॉलिप दिसले तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी करतात, घामातलं मीठ मोजायची टेस्ट असते, ती सांगितली तर टाळू नका.

औषधं नीट घेऊन झाली का

हे विचारलं की सगळे हो म्हणतात. मग खोदून विचारलं तर कळतं की स्प्रे आठवडाभर मारला, फरक पडला नाही म्हणून सोडला. मोमेटासोन, फ्लुटिकासोन असे स्टिरॉइडचे नाकात मारायचे स्प्रे रोज, न चुकता, निदान दोन-तीन महिने मारल्याशिवाय त्यांचा पूर्ण परिणाम कळत नाही. हे स्प्रे नाकातच काम करतात, रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे स्टिरॉइड हा शब्द ऐकून घाबरून सोडू नका.

मारायची पद्धत पण बघा. मान मागे टाकून मारला की औषध सरळ घशात जातं. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, नोझलचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. जोरात हुंगायचं नाही, हळू श्वास घ्यायचा. पडद्यावर मारत राहिलं तर तिथे सुकून रक्त येतं आणि मग लोक म्हणतात मला स्प्रे सोसत नाही. स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर औषध नीट आत पोचतं, धुण्यासाठी साधारण २४० मिलीच्या बाटल्या मिळतात, पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच घ्या. थेट नळाचं नको, त्यात क्वचित का होईना नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो आणि तो नाकातून मेंदूत गेला तर जीव जातो.

नाक पटकन मोकळं करणारे ड्रॉप्स, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे, हे पॉलिपचं औषध नाही. चार-पाच दिवसांच्या पुढे चालू ठेवले तर त्यांचीच सवय लागते आणि नाक अजून बंद होतं.

कधी कधी डॉक्टर तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स देतात, त्याने पॉलिप झपाट्याने आक्रसतात, वास परत येतो, माणसाला वाटतं बरं झालो. पण तो परिणाम बहुतेकांना काही आठवडे किंवा काही महिनेच टिकतो, आणि असे कोर्स वर्षातून एक-दोनच्या वर घेऊ नयेत, शुगर, ब्लडप्रेशर, काचबिंदू, हाडं सगळ्यावर परिणाम होतो. मात्र या कोर्सने वास परत आला होता की नाही हे लक्षात ठेवा आणि सर्जनना सांगा. आला असेल तर ऑपरेशननंतरही येण्याची आशा जास्त असते.

हे सगळं प्रामाणिकपणे करूनही नाक बंदच असेल तर मग ऑपरेशनचा विषय, आणि तेव्हा सीटी स्कॅन. स्कॅन ऐन सर्दीत काढू नका, औषधं चालू असताना, नाक त्यातल्या त्यात बऱ्या अवस्थेत असताना काढा म्हणजे खरा आजार किती आहे ते दिसतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय करतात

"साधं ऑपरेशन" म्हणताना लोकांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे खरंच जुनी पद्धत, तारेचा फास पॉलिपच्या देठात अडकवून ओढून काढायचं. पटकन होतं, नाक लगेच मोकळं, पण पॉलिप जिथून उगवतात तो भाग तसाच राहतो आणि बऱ्याच जणांना थोड्याच काळात परत होतं. ज्यांच्या घरात कोणाचं पूर्वी तीन-चार वेळा नाकाचं ऑपरेशन झालेलं असतं त्यांचं बहुतेक असंच झालेलं असतं, आणि ऑपरेशनबद्दलची भीतीही तिथूनच आलेली असते.

दुसरी म्हणजे आत्ताची, दुर्बिणीतून सायनस उघडायची, जिला डॉक्टर फेस (FESS, म्हणजे फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी) म्हणतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने बघून दाखवलं की सायनसमधला चिकट द्राव वाटेल तिथून बाहेर येत नाही, तो ठरलेल्या वाटेने त्याच्या नैसर्गिक तोंडाकडेच जातो, दुसरीकडे भोक पाडलं तरी तो तिकडे वळत नाही. म्हणून मग तेच तोंड मोकळं करायचं ही कल्पना आली, १९८५ च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी या ऑपरेशनला आजचं नाव दिलं आणि ते जगभर पसरलं.

यात बाहेरून कुठेही चिरा नसतो, सगळं नाकपुडीतून. बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. मायक्रोडिब्रायडर नावाचं यंत्र वापरतात, एक बारीक नळी, तिच्या टोकाला फिरतं पातं आणि आतून ओढून घेणारं सक्शन, त्याने पॉलिप कापला जातो आणि लगेच ओढून बाहेर जातो, शेजारचं चांगलं अस्तर वाचतं. मग दोन डोळ्यांच्या मधल्या भागात ज्या हवेच्या बारीक बारीक पोकळ्या असतात, एथमॉइड सायनस, त्यांच्यामधले पातळ पडदे काढतात, कारण बहुतेक पॉलिप तिथूनच येतात. गरजेप्रमाणे गालामागचं, कपाळातलं आणि एकदम मागचं सायनस उघडतात. मधलं हाड वाकडं असेल तर तेही त्याच वेळी सरळ करता येतं. काढलेला टिश्यू तपासणीला जातो. एक ते तीन तास लागतात, बऱ्याच जणांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सायनस उघडल्यामुळे नंतरचं धुणं आणि औषध आतपर्यंत पोचतं. ऑपरेशनच्या आधी सायनसची तोंडं बंद असताना तुम्ही कितीही स्प्रे मारा, ते आत जातच नाही. म्हणजे या ऑपरेशनचा अर्धा फायदा पॉलिप काढण्याचा आणि अर्धा औषधाला रस्ता करून देण्याचा.

धोके आहेत, लपवायचं कारण नाही. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतं, वर लगेच मेंदूचं आवरण. डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं, मोठा रक्तस्राव हे होऊ शकतं, पण अनुभवी हातात असे मोठे प्रकार साधारण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऑपरेशन असेल आणि आतली रचना बदललेली असेल तर नेव्हिगेशन वापरतात, म्हणजे सीटी स्कॅनवर हत्यार आत्ता नेमकं कुठे आहे ते स्क्रीनवर दिसत राहतं.

लेझर काय करतं

लेझर म्हणजे एकच हत्यार नाही. कार्बन डायऑक्साइड लेझर पाण्यात लगेच शोषलं जातं म्हणून वरवरच कापतं, केटीपी लेझर ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचं, रक्तातल्या लाल रंगात शोषलं जातं म्हणून रक्तवाहिन्या बंद करायला चांगलं, एनडी-याग १०६४ नॅनोमीटरचं, ते काही मिलिमीटर खोलवर जातं, होल्मियम थोडं हाडावरही चालतं, आणि हल्ली क्लिनिकमध्ये जास्त करून डायोड लेझर असतं, ८१० किंवा ९८० नॅनोमीटरच्या आसपासचं, बारीक फायबरमधून जाणारं आणि मशीनही छोटं. म्हणून "आमच्याकडे लेझर आहे" एवढ्यावर थांबू नका, कुठलं आहे आणि त्याने काय करणार ते विचारा.

काम साधं आहे, उष्णतेने पॉलिप आक्रसवणं, जाळणं किंवा त्याचा देठ कापणं. त्याच वेळी रक्तवाहिन्या बंद होतात म्हणून रक्त कमी. जागेवरची भूल पुरते, अर्ध्या तासात होऊन माणूस चालत घरी जाऊ शकतो. हे सगळे फायदे खरे आहेत, कोणी सांगितले तर खोटं सांगत नाही.

अडचण पोचण्याची आहे. लेझर जे समोर दिसतं त्यावर चालतं, नाकाच्या पोकळीत लोंबणाऱ्या भागावर. एथमॉइडच्या आतले पडदे काढणं, कपाळातलं सायनस उघडणं ही कामं लेझरने नीट होत नाहीत. मोठा पॉलिप लेझरने जाळायला फार वेळ लागतो, तेवढा वेळ उष्णता देत बसलं तर शेजारच्या चांगल्या अस्तरालाही भाजतं. मग आठवड्यांपर्यंत जाड खपल्या धरतात, घाणेरडा वास येतो, समोरासमोरच्या दोन जखमा एकमेकींना चिकटून आत पडदा तयार होऊ शकतो आणि नाक परत बंद. वास ओळखणाऱ्या नसा नाकाच्या वरच्या अरुंद फटीत असतात, तिथे उष्णता लागू नये यासाठी फार जपून काम करावं लागतं. खोलवर जाणाऱ्या लेझरला डोळ्याच्या भिंतीजवळ आणि डोळ्याच्या नसेजवळ वापरणं तर आणखी जोखमीचं. "लेझरने काहीच धोका नसतो" असं कोणी म्हणालं तर पुढचे प्रश्न जरा जास्तच काळजीने विचारा.

युरोपातल्या तज्ज्ञांनी मिळून केलेली एपॉस २०२० नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातला पॉलिपचा रस्ता आधी स्प्रे आणि नाक धुणं, मग गरज असेल तर दुर्बिणीचं सायनसचं ऑपरेशन, मग निवडक लोकांना नवीन इंजेक्शनं असा आहे.

मग कोणी काय निवडायचं

दोन्ही बाजूंना पॉलिप, सीटीमध्ये सायनस भरलेले, वास गेलेला, पहिलंच ऑपरेशन, तब्येत भूल सोसण्यासारखी, तर दुर्बिणीचं करा, यात फार विचार करायची गरज मला तरी वाटत नाही. दमा सोबत असेल तर अजूनच, कारण सायनस साफ झाल्यावर बऱ्याच जणांचा दमाही जास्त आटोक्यात येतो. सायनसमध्ये बुरशीचा चिकट, घट्ट, शेंगदाण्याच्या बटरसारखा माल साठलेला असेल, ॲलर्जीचा फंगल सायनस म्हणतात त्याला, तर तो सगळा माल बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही आणि ते लेझरने होत नाही. एकाच बाजूची गाठ असेल तर वर लिहिलंच आहे.

लेझरचा विचार कधी करावा? दुर्बिणीचं ऑपरेशन आधी नीट झालंय, सायनस उघडे आहेत आणि एखाद-दोन छोटे पॉलिप परत डोकावतायत, तेव्हा परत भूल देऊन ऑपरेशन करण्यापेक्षा क्लिनिकमध्ये बसूनच ते लेझरने काढणं हा चांगला मार्ग आहे. दुसरं, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असा आजार आहे की पूर्ण भूल धोक्याची, किंवा रक्त पातळ करायची गोळी अजिबात थांबवता येत नाही, आणि निदान श्वास घेण्यापुरतं नाक मोकळं झालं तरी खूप. इथे लेझरने आजार संपत नाही, पण रात्रीची झोप मिळते, आणि त्या माणसासाठी ते मोठं असतं. (क्लिनिकमध्ये जागेवरच्या भुलेवर मायक्रोडिब्रायडरनेही हे करता येतं, तेव्हा तेही विचारून ठेवा.) तिसरं, पॉलिपसोबत टर्बिनेटही सुजलेले असतील तर मुख्य ऑपरेशन दुर्बिणीचं आणि टर्बिनेटपुरतं लेझर असंही करतात.

पॉलिप छोटे आहेत, त्रास फारसा नाही, स्प्रेने भागतंय, तर दोन्हीपैकी काहीच नको. पॉलिप दिसले म्हणजे काढलेच पाहिजेत असं नाही, त्रास किती होतोय त्यावर ठरवायचं. स्नॉट-२२ नावाची २२ प्रश्नांची यादी असते, नाक, झोप, थकवा, मूड असं सगळं विचारून ० ते ११० मध्ये मार्क देतात, ती ऑपरेशनच्या आधी आणि नंतर भरली तर खरंच किती फरक पडला ते कळतं.

आणि नाकात कसलं तरी औषध किंवा ॲसिड घालून पॉलिप "गाळून पाडतो" असं सांगणाऱ्यांच्या जवळपासही जाऊ नका, त्याने नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकतं.

डॉक्टरांना काय विचारायचं

स्कॅन स्क्रीनवर लावून मला दाखवा, पॉलिप कुठून कुठपर्यंत आहेत, कुठलं सायनस उघडणार आणि कुठलं नाही, हे पहिलं विचारा. चांगले सर्जन हे आनंदाने दाखवतात. मग, तुम्ही लेझर सुचवताय तर माझ्या केसमध्ये मायक्रोडिब्रायडरपेक्षा त्याने नेमकं काय जास्त मिळेल? सायनस उघडणार की फक्त नाकातला भाग काढणार? टिश्यू तपासणीला पाठवणार का? अशी ऑपरेशनं तुम्ही किती वेळा करता, त्यातल्या किती जणांना परत करावं लागलं? नाकात पॅकिंग, म्हणजे रक्त थांबवायला आत ठेवायचा बोळा, ठेवणार का, विरघळणारं की ओढून काढायचं? परत झालं तर पुढचा प्लॅन काय? सगळ्यांना एकच उपाय सांगणाऱ्या ठिकाणी, म्हणजे स्कॅन न बघताच लेझरचं पॅकेज सांगितलं तर, दुसरीकडे दाखवून या. पॉलिप ही सहसा आज-उद्या करायची इमर्जन्सी नसते, दुसरं मत घ्यायला वेळ असतो.

तुमच्याकडून सांगायच्या गोष्टी पण आहेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या वेदनाशामक गोळीने कधी दम लागला, नाक एकदम बंद झालं, अंगावर गांधी आल्या असं झालं असेल तर ते नक्की सांगा. पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचं वावडं असं तिन्ही एकत्र असणाऱ्यांचा एक गट आहे, सॅम्टर ट्रायड म्हणतात, यांचे पॉलिप लवकर आणि जोमाने परत येतात, यांना नुसतं लेझर अगदीच अपुरं पडतं, आणि ऑपरेशननंतर दुखण्यावर कुठली गोळी द्यायची हेही बदलतं.

ऑपरेशनच्या आधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, वनस्पतींची औषधं, काय काय घेता त्याची पूर्ण यादी द्या. मनाने काहीच बंद करू नका, हृदयात स्टेंट असणाऱ्याने स्वतःहून गोळी थांबवली तर ते पॉलिपपेक्षा कितीतरी महागात पडेल. बरेच सर्जन आधी आठवडाभर स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, पॉलिप लहान होतात, रक्तस्राव कमी होतो आणि दुर्बिणीतून साफ दिसतं, डायबिटीस असेल तर त्या दिवसांत शुगर जास्त वेळा तपासा. दमा असेल तर तो आटोक्यात आल्यावरच तारीख घ्या. सिगरेट बंद करा, जखम भरण्यावर तिचा थेट परिणाम होतो.

नंतरचे आठवडे

लेझर असो की दुर्बीण, पहिले काही दिवस नाक आधीपेक्षा जास्त चोंदल्यासारखं वाटतं, सूज आणि खपल्यांमुळे. घाबरू नका, ते अपेक्षित असतं. लालसर पाणी दोन-चार दिवस येतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, डोकं उशीवर जरा उंच ठेवून झोपायचं, जड उचलणं, वाकून काम, व्यायाम साधारण दोन आठवडे बंद, विमान प्रवास डॉक्टरांना विचारूनच. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर कामावर जायला एक ते दोन आठवडे धरून चाला, लेझरनंतर बरेच लोक दोन-तीन दिवसांत जातात, पण त्यांच्या खपल्या जास्त दिवस चालतात.

मिठाच्या पाण्याने धुणं डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच चालू होतं, आणि ते दिवसातून दोन-तीन वेळा करायचं, कंटाळा आला तरी. आठवड्याने डॉक्टर दुर्बिणीतून खपल्या साफ करतात, थोडं त्रासदायक असतं, पण ती व्हिजिट चुकवली तर आत चिकटण्याचे प्रकार होतात.

एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ, खारट पाणी गळतंय, खास करून पुढे वाकल्यावर, नजर अंधूक झाली किंवा एकाचे दोन दिसतायत, डोळ्याभोवती सूज वाढतेय, मान आखडून ताप आलाय, किंवा रक्त दाबून धरलं तरी थांबत नाही, यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल.

परत येणं आणि त्यानंतरचे पर्याय

पॉलिप हा अस्तराच्या आतल्या सुजेचा आजार आहे. बहुतेकांमध्ये इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करून बसलेल्या असतात आणि ती प्रवृत्ती ना पात्याने जाते ना लेझरने. युरोपातल्या एका छोट्या अभ्यासात दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांना १२ वर्षांनी परत तपासलं, तर जवळपास ८० टक्के लोकांमध्ये पॉलिप पुन्हा दिसले, पण परत ऑपरेशन लागलं ते साधारण ३७ टक्क्यांनाच, आणि बाकीच्यांना दिसले तरी त्रास पुन्हा चाकूखाली जाण्याइतका नव्हता. म्हणून "आमच्या पद्धतीने परत येतच नाही" अशी गॅरंटी कोणी देत असेल, लेझरची असो की दुर्बिणीची, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

परत परत होणाऱ्यांसाठी आता बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, जी सुजेचे संदेश नेणारे रेणूच अडवतात. ड्युपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये पॉलिपसाठी मान्यता मिळाली, मग २०२० मध्ये ओमालिझुमॅब आणि २०२१ मध्ये मेपोलिझुमॅब. कातडीखाली दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायची, महाग, आणि बंद केली की त्रास परत येऊ शकतो, म्हणून ती सहसा ऑपरेशन होऊनही आजार जोरात असलेल्यांना, दमा सोबत असलेल्यांना देतात. दोनदा ऑपरेशन झालंय आणि तिसऱ्यांदा लेझर करून बघू म्हणताय तर त्याआधी या इंजेक्शनांबद्दल एकदा नक्की विचारा, रक्तातले इओसिनोफिल आणि आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रथिन) तपासून घ्या.

बाकी सगळ्यांनी ऑपरेशननंतर स्प्रे चालूच ठेवायचा, काही सर्जन धुण्याच्या पाण्यातच ब्युडेसोनाइड नावाचं स्टिरॉइड मिसळायला सांगतात, आणि पहिल्या वर्षात दर तीन-चार महिन्यांनी, त्रास नसला तरी, दुर्बिणीतून नाक दाखवून यायचं. छोटा पॉलिप तेव्हाच सापडला तर औषध वाढवून किंवा क्लिनिकमध्येच काढून भागतं.